पहिलीचा वर्ग आणि हिवाळा: कापसाच्या बर्फापलीकडे काय करता येईल?

खडूवाली | ४ डिसेंबर, रात्री ९:५०

मी पहिलीला शिकवते. वर्गात सव्वीस मुलं. 'हिवाळा' हा विषय आला की दरवर्षी माझ्या हातून तेच होतं. निळ्या कागदावर कापूस चिकटवून बर्फाचा माणूस करायचा, खाली ठिपक्यांवरून 'हिवाळा' गिरवायचं, आणि मग भिंतीवर सव्वीस जुळे भाऊ रांगेत उभे. पालक फोटो काढून नेतात, सगळे खूश.

काल एका मुलीने कापूस गालाला लावून बघितला आणि विचारलं, "बाई, हा थंड का नाही लागत?" म्हटलं, अगं खोटा बर्फ आहे तो. "मग खरा कुठंय?" आमच्याकडे बर्फ पडत नाही. काय सांगावं ते सुचेना. नेमकी घंटा झाली म्हणून वाचले.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हिवाळा मुलांना रोज अंगाला लागतो, शाळेत येताना नाकं लाल झालेली असतात, आणि वर्गात मी त्यांना शिकवते तो चित्रातला. हातात सहा-सात आठवडे आहेत. सामान फार नाही. कुणी काही करून बघितलं असेल तर सांगा. केलेलंच सांगा, छापून काढायच्या तयार पानांचा माझ्याकडे ढीग आहे.

---

मधलीसुट्टी | ४ डिसेंबर, रात्री १०:३५

बाई, तुमच्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

वीसेक वर्षं लहान वर्गांनाच शिकवतोय, त्यातला माझा सगळ्यात लाडका प्रयोग देतो. बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. दोन छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. एक ताटलीत उघडा ठेवा, दुसरा लोकरी स्वेटरमध्ये नीट गुंडाळा. आणि काहीही सांगण्याआधी विचारा: आधी कुठला वितळेल?

जवळजवळ सगळा वर्ग म्हणणार, स्वेटरमधला. कारण स्वेटर 'गरम' असतो. घरी सगळे तेच म्हणतात ना, गरम कपडे घाल! मग हात वर करून मतं मोजायची, फळ्यावर रेघा ओढायच्या. तेवढ्यात गणितही होतं.

स्वेटरमध्ये स्वतःची उष्णता नसते. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ-येऊ देत नाही. आतली ऊब बाहेर जात नाही, तशी बाहेरची आतही येत नाही. त्यामुळे ताटलीतला खडा आधी संपतो. पण हे तुम्ही सांगू नका. मुलांचे चेहरे बघा आणि गप्प राहा. मला हे गप्प राहणं शिकायला दहा वर्षं लागली.

पिशवी विसरू नका, नाहीतर स्वेटर ओला होऊन प्रयोग फसतो. हेही अनुभवाचे बोल. स्वेटर बायकोचा होता.

---

बिनपाटीचा | ४ डिसेंबर, रात्री ११:१०

वाचनखूण साठवली. शिक्षक नाही, पहिलीतल्या एका मुलाचा बाप आहे. मागच्या वर्षी बालवाडीत 'रोजचं तापमान नोंदवा' असा गृहपाठ होता. मी उत्साहाने घरातला ताप मोजायचा थर्मामीटर खिडकीत टांगला. तो ३५ च्या खाली काही दाखवेना. चार दिवस आमच्या वहीत बाहेरची हवा 'ताप नाही' अशी होती.

---

खडूवाली | ५ डिसेंबर, सकाळी ६:४०

@बिनपाटीचा, चहा सांडला!

@मधलीसुट्टी, हे नक्की करणार. तापमानाचं मात्र मी टाळतेच. आमच्या थर्मामीटरवर प्रत्येक बारीक रेघ दोन अंशांची आहे. मुलांना आत्ता कुठे पन्नासपर्यंत मोजता येतंय, त्यांना ते वाचणं जमत नाही.

---

हिमरेषा | ५ डिसेंबर, दुपारी १:०५

आमच्याकडे बर्फ पडतो, तरी भिंतीवर कापूसच असतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

तापमान टाळू नका. आकडा वाचणं जड जातं, रंग वाचणं जात नाही. मी खऱ्या थर्मामीटरच्या मागे रंगीत पट्ट्या चिकटवते, पाच-पाच अंशांना एक रंग. लाल रेषेचं टोक कुठल्या रंगापाशी आलं, एवढंच मुलाने बघायचं. रोज एका मुलाची पाळी. त्या रंगाची कागदी पट्टी घ्यायची आणि आधीच्या पट्टीला चिकटवायची. हा आमचा 'वर्गाचा मफलर'. दोन महिन्यांत तो फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

खरी मजा पुढे. मफलर लांब झाला की मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागतात. निळ्या पट्ट्या किती? हिरवी मध्येच एकटी कशी काय आली? एकदा सलग पाच जांभळ्या पट्ट्या आल्या, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "इथे मी आजारी होतो." मी तपासलं, खरंच होता.

दोन गोष्टी पाळा. वेळ रोज तीच, आणि थर्मामीटर सावलीत. पहिल्या वर्षी मी तो उन्हाच्या भिंतीला लावला होता. सगळा हिवाळा केशरी निघाला.

---

दुर्बीण | ५ डिसेंबर, रात्री ८:२०

शिक्षक नाही, हौशी आकाशनिरीक्षक. हिवाळा मुळात का येतो, हे कुणीच सांगितलं नाही! मोठ्या माणसांनाही वाटतं की पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी पडते. उलट जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैत ते अंतर १५ कोटी २१ लाख होतं. सगळा खेळ आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलाचा. एक पृथ्वीगोल आणि दिवा घेऊन पहिलीपासूनच हे दाखवलं तर पुढचे गैरसमज टळतील.

---

मधलीसुट्टी | ५ डिसेंबर, रात्री ९:००

@दुर्बीण, माहिती चोख, पण पहिलीत नको. सहा वर्षांच्या मुलाला आपण उभे आहोत ती जमीन गोल आहे हेच अजून पुरतं पटलेलं नसतं. त्यात कललेला आस आणि कोटींचे आकडे घातले की ते पाठ करून म्हणून दाखवतं आणि आपण खूश होतो. पाठ झालेलं उत्तर आलं की प्रश्न पडायचा थांबतो. मला भीती त्याची वाटते.

या वयात पुरावा गोळा करू द्यावा. कारण पाचवी-सहावीत येईलच.

---

दुर्बीण | ५ डिसेंबर, रात्री ९:२५

थोडं लागलं, पण मान्य. मग तडजोड सुचवतो. चौकटीच्या वहीचं पान घ्या. त्यावर टॉर्चचा उजेड आधी सरळ वरून पाडा, मग तेवढ्याच अंतरावरून तिरका. उजेडात किती चौकोन आले ते मोजायला सांगा. तिरक्या उजेडात चौकोन जास्त येतात आणि उजेड फिका दिसतो. तेवढाच उजेड जास्त चौकोनांत वाटला गेला. 'वाटणं' पहिलीतल्या मुलाला चांगलंच कळतं.

आणि सावली मोजा. रोज सूर्य डोक्याच्या जास्तीत जास्त वर येतो त्या सुमारास, एकच काठी, एकच जागा.

---

उंबरठा | ५ डिसेंबर, रात्री ९:५५

सावलीचं आम्ही केलंय (मीही पहिली, शाळा छोटी). खडूने खुणा केल्या, दुसऱ्या दिवशी अंगण झाडून स्वच्छ! म्हणून आता आम्ही फीत वापरतो. सावलीएवढी फीत कापायची, तारीख लिहायची, भिंतीवर टांगायची. दर शुक्रवारी एक. फिती शेजारी शेजारी आल्या की मोजपट्टीशिवाय लांब-आखूड दिसतं.

पण एक अडचण, दुर्बीण यांनी सांगावी. मागच्या वर्षी डिसेंबरभर फिती सारख्याच आल्या. मुलं कंटाळली. "बाई, आज पण तेवढीच!"

---

दुर्बीण | ५ डिसेंबर, रात्री १०:१५

फिती बरोबर आहेत. आपल्या उत्तर गोलार्धात दुपारची सावली सर्वांत लांब होते २१-२२ डिसेंबरला. झोका टोकाला पोचला की क्षणभर थांबल्यासारखा वाटतो ना, तसं या दिवसांच्या आगेमागे दोन-तीन आठवडे सावली जवळजवळ तेवढीच राहते. फरक बघायचा तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालू ठेवा, फिती भराभर आखूड होतील. पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून सुरू करा.

अवांतर: सर्वांत लहान दिवस हा, म्हणून सूर्य सर्वांत लवकर मावळतो तोही याच दिवशी, असं नाही. लवकरात लवकरचा सूर्यास्त त्याआधीच होऊन गेलेला असतो, आणि उशिरात उशिराचा सूर्योदय नंतर येतो. हे मुलांना सांगणार नाही, शप्पथ. तुम्हाला सांगितलं.

---

उंबरठा | ५ डिसेंबर, रात्री १०:३०

झोक्याचं उदाहरण उद्याच वापरते. आमच्याकडे एकाने विचारलं होतं, "दिवस लहान झाला म्हणजे घड्याळातले तास कमी झाले का?" त्यावर चोवीस मणी ओवले. पिवळे उजेडाचे, काळे अंधाराचे. महिन्याने पुन्हा ओवले. रंग बदलले, मणी चोवीसच. तो पोरगा मात्र दर वेळी मणी मोजून घेतो. विश्वास नाही त्याचा माझ्यावर.

---

शुद्धलेखनकाकू | ६ डिसेंबर, दुपारी ३:४०

सगळं विज्ञान विज्ञान चाललंय! भाषेचं कोण बघणार?

मराठीत थंडीचे शब्द किती आहेत बघा. गारवा, गारठा, हुडहुडी, शिरशिरी, काकडणं, कुडकुडणं, गारठून जाणं, अंगावर काटा येणं, हातपाय आखडणं, बोचरी, झोंबणारी, कडाक्याची. आणि आपण मुलांकडून गिरवून काय घेतो? 'हिवाळा'.

वर्गात एक दोरी बांधा. या टोकाला 'कढत', त्या टोकाला 'गोठलेलं'. मधले शब्द चिठ्ठ्यांवर: कोमट, ऊबदार, गार, थंडगार, गारठलेलं. मुलांनी चिमट्याने लावायचे. मी हे केलं तेव्हा 'कोमट' आणि 'ऊबदार' यांत आधी कोण, यावर पंधरा मिनिटं भांडण झालं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "कोमट पाणी असतं, ऊबदार गोधडी असते. ते शेजारी नाहीतच!" मी चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि तिला दोरीखाली वेगळा खिळा दिला.

वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलांसाठी 'दव' हा फार गुणी शब्द. काना नाही, मात्रा नाही, वाचून झालं की बाहेर जाऊन गवतावर बोट फिरवून यायचं.

---

बिनपाटीचा | ६ डिसेंबर, दुपारी ४:०५

काकू, हलके घ्या, पण तुमच्या चिठ्ठीवर 'ऊबदार' दीर्घ आहे. 'ऊब' दीर्घ, 'उबदार' ह्रस्व.

---

शुद्धलेखनकाकू | ६ डिसेंबर, दुपारी ४:१२

हे माझ्या नावासकट घडलं! बरोबर आहे. ऊन दीर्घ पण उन्हात ह्रस्व, तसंच. चिठ्ठी बदलते.

---

मधलीसुट्टी | ६ डिसेंबर, संध्या. ७:३०

लिहिण्याचंच निघालं म्हणून: 'स्वेटर कसा घालायचा' हे मुलांकडून पायरी पायरीने सांगून घ्या आणि ते म्हणतील तसंच करा. "डोकं आत घाला." मी बाहीत घालतो. "हात बाहेर काढा." मी घातलेला हातही काढून घेतो. वर्ग लोळतो. पण दहा मिनिटांत 'आधी', 'मग', 'त्यानंतर', 'मोठ्या भोकातून' हे शब्द आपोआप येतात. दुसऱ्या दिवशी तेच वहीत चार वाक्यांत. अडकलेली चेन कशी लावायची, हा पुढचा भाग. त्या निमित्ताने निम्म्या वर्गाला स्वतःची चेन लावता यायला लागते आणि माझी रोजची दहा मिनिटं वाचतात.

---

हिमरेषा | ६ डिसेंबर, रात्री ९:१५

कागदाची हिमफुलं कापणार असाल तर एक विनंती. आठ टोकांची नको! कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा असा दुमडला की आठ होतात, आणि जिकडेतिकडे तीच दिसतात. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी मांडणीत बसतात म्हणून खऱ्या हिमकणाला सहा बाजू. गोल कागद आधी अर्धा, मग त्या अर्ध्याच्या सारख्या तीन घड्या, मग पुन्हा अर्धा. बारा थर होतात, म्हणून कागद पातळ हवा. जाड कागदाने सहा वर्षांच्या हाताला कात्री रेटत नाही. तिसऱ्या भागाची घडी मुलांना कठीण जाते, ती खूण मी आधीच करून ठेवते.

सोबत गोष्ट सांगा. विल्सन बेंटली नावाचा अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ ला हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. वितळायच्या आत, श्वास रोखून. मुलांना 'श्वास रोखून' फार आवडतं. कापतानाही रोखून धरतात, मग "सोडा आता" म्हणावं लागतं.

आणि धोक्याची सूचना: बर्फावर दोरा ठेवून मीठ टाकून खडा उचलायचा प्रयोग छान आहे, पण मीठ आणि बर्फ एकत्र हातावर ठेवायचे नाहीत. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि कातडीला भाजल्यासारखी इजा होते. मीठ मोठ्यांनीच टाकायचं.

---

उंबरठा | ७ डिसेंबर, सकाळी ११:२०

सहावरून आठवलं, आमचा पेंग्विनचा खेळ. सारख्या आठ छोट्या बाटल्यांत सारखंच कोमट पाणी भरायचं. सात बाटल्या रबरबँडने एकत्र बांधायच्या, एक मध्ये आणि सहा भोवती. आठवी लांब एकटी. अर्ध्या तासाने हात लावून बघायचं. एकटी आधी गार होते, मधली सर्वांत उशिरा.

एम्परर पेंग्विनचे नर असेच दाटीवाटीने उभे राहतात, पायांवर अंडं घेऊन, साधारण ६५ दिवस. आणि गर्दीत जागा बदलत राहतात. हे सांगितल्यावर मुलांनी अंगणात घोळका केला, बाहेरचे आत, आतले बाहेर. कडेच्या एकाने तक्रार केली, "बाई, हा आतून हलतच नाही!" पेंग्विनांतही असा कुणी असेलच.

बांधलेल्या सात बाटल्या वरून बघून एक जण म्हणाला, "हे फूल झालं." सारख्या आकाराच्या एका गोलाभोवती बरोबर सहाच बसतात. नंतर सगळ्यांनी नाणी आणि बाटल्यांची झाकणं मांडून खात्री करून घेतली.

---

खडूवाली | ७ डिसेंबर, रात्री १०:००

तीन दिवसांत माझा हिवाळा भरला! सगळं एकदम करणार नाही. मफलर उद्यापासून, फिती शुक्रवारी, दोरी काकूंची. बाटल्या जमवायला पालकांना चिठ्ठी देते. बर्फ आणि स्वेटर बुधवारी. सांगते काय झालं ते.

---

खडूवाली | ११ डिसेंबर, रात्री ९:३०

झाला प्रयोग.

मतं अशी: बावीस जणं स्वेटरच्या बाजूने, तिघं ताटलीच्या, आणि एक "दोन्ही एकदम". मधल्या सुट्टीनंतर बघितलं तर ताटलीतल्या पिशवीत नुसतं पाणी. स्वेटर उलगडला. आत खडा. बारीक झालेला, पण ठणठणीत.

सर, मी गप्प राहिले. फार कठीण गेलं. अर्धा मिनिट कुणीच बोललं नाही. मग एक जण ठामपणे म्हणाला, "हा स्वेटर बिघडलाय." दुसऱ्याने लगेच स्वतःचा काढून दिला. नवीन खडे काढले (डबा भरून नेला होता, बरं झालं). पुन्हा तेच. "याचा पण बिघडलाय!"

मग मागच्या बाकावरचा मुलगा, जो एरवी हजेरीलासुद्धा मान हलवतो, हळूच म्हणाला, "स्वेटरमध्ये कुणी नव्हतं ना."

मी ऐकलंच नाही असं दाखवून पुन्हा विचारलं. "आत माणूस असला की गरम होतो. माणूस गरम असतो." आज त्याच्या म्हणण्याप्रमाणे कोमट पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, एक स्वेटरमध्ये, एक उघडी. तासाभराने सव्वीस जणांनी रांगेत हात लावून बघितलं. तो शेवटी आला, दोन्ही बाटल्यांना हात लावला आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला.

आणि 'खरा कुठंय' विचारणारी मुलगी? तिला काल खडा हातात दिला होता. तो वितळेपर्यंत धरून बसली होती, बोटं लाल. आज घरी जाताना भिंतीवरच्या बर्फमाणसाकडे बघत म्हणाली, "बाई, कापसात पण हवा असते का? मग खऱ्या बर्फाच्या माणसाला कापूस गुंडाळला तर तो उशिरा वितळेल ना?"

उद्या पुन्हा दोन खडे नेतेय. कापूस वर्गात आहेच, सव्वीस बर्फमाणसांचा.

---

मधलीसुट्टी | ११ डिसेंबर, रात्री ९:५०

पिशवीला गाठ घट्ट मारा. कापूस ओला झाला की ऊब धरत नाही, मग तीच म्हणेल की कापूस बिघडलाय.